चौदाव्या सेनेतल्या आजोबांचा शोध कोठून सुरू करावा

खानापूर तालुक्यातील एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते आणि ते ‘चौदाव्या सेनेत’ होते, असे घरात आजवर सांगितले गेले. ट्रंकेत तीन पदके, १९४६ साली मिळालेले डिस्चार्ज बुक आणि कापडावर भरलेला एक बिल्ला सापडला. डिस्चार्ज बुकात ‘४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ एवढेच आहे, चौदाव्या सेनेचा उल्लेख कोठेही नाही, आणि बिल्ल्यावर पिवळ्या वर्तुळात लाल कोंबडा आहे. चौदाव्या सेनेचे रेकॉर्ड ऑफिस कोठे आहे, आजोबांचे नाव तेथे मिळेल का, आणि आजोबा मंडालेच्या लढाईत होते ही घरची आठवण खरी आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

गेली बावीस वर्षे मी जुन्या सैनिकांची कागदपत्रे आणि पलटणींच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धकाळात युनिटने रोज लिहिलेल्या नोंदवह्या, वाचण्याचे काम करीत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तीन प्रश्न दिसत असले तरी अडचण एकच आहे. चौदावी सेना ही रेजिमेंटसारखी कायमची संस्था होती, असे आपण धरून चालला आहात. तशी ती नव्हती. रेजिमेंट हे घर असते. तेथे भरती होते, नाव नोंदले जाते, पेन्शनचे कागद तेथूनच निघतात. लढाईसाठी उभारलेली सेना हा मांडव असतो. कार्य ठरले की खांब उभे राहतात, पाहुणे येतात-जातात, कार्य उरकले की कनाती उतरतात. मांडवात कोण कोण बसले होते याची यादी मांडववाल्याकडे मिळत नाही, ती ज्याच्या त्याच्या घरी मिळते. म्हणून चौदाव्या सेनेचे रेकॉर्ड ऑफिस आज नाही आणि त्या काळीही शिपायांच्या नोंदी ठेवणारे असे ऑफिस तिच्याकडे नव्हते. आजोबांच्या नोंदी त्यांच्या रेजिमेंटकडे, म्हणजे बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे असणार.

हा मांडव कशासाठी घातला गेला, ते आधी पाहू. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि ब्रिटिश-भारतीय फौज चिंदविन नदी ओलांडून मणिपुरात परतली. त्यानंतरच्या सव्वा वर्षात पूर्व सीमेची जबाबदारी ‘ईस्टर्न आर्मी’ नावाच्या मुख्यालयाकडे होती. पण तिच्या अंगावर दोन वेगवेगळी कामे होती. एकीकडे आराकान (ब्रह्मदेशचा पश्चिम किनारा) आणि मणिपूरची आघाडी, तर दुसरीकडे बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम या प्रांतांतील अंतर्गत बंदोबस्त. आणि हा काळ ‘चले जाव’ आंदोलनाचा आणि पाठोपाठ बंगालच्या दुष्काळाचा होता. बेचाळीसच्या अखेरीस सुरू झालेली आराकानातील मोहीम त्रेचाळीसच्या मे महिन्यापर्यंत सपशेल फसली. पुढे ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेक परिषदेत दक्षिण-पूर्व आशियासाठी स्वतंत्र संयुक्त कमान नेमण्याचे ठरले, माउंटबॅटन तिचे प्रमुख झाले, आणि ईस्टर्न आर्मीची दोन कामे दोघांत वाटण्यात आली. मागची बाजू ईस्टर्न कमांडकडे गेली आणि लढण्याची बाजू नव्या चौदाव्या सेनेकडे आली. ऑक्टोबर १९४३ मध्ये विल्यम स्लिम यांनी सूत्रे घेतली आणि मुख्यालय कलकत्त्याजवळच्या बराकपूरहून कोमिल्ल्याला, म्हणजे आघाडीच्या बरेच जवळ हलवले.

चौदावी म्हटल्यावर आधीच्या तेरा कोठे गेल्या, असे मला दर वर्षी कोणीतरी विचारतेच. ब्रिटिशांनी या युद्धात पहिली, दुसरी, आठवी, नववी, दहावी, बारावी आणि चौदावी असे क्रमांक प्रत्यक्ष वापरले; मधले सगळे आकडे मैदानात उभे राहिले नाहीत. क्रमांकांच्या सलगतेत अर्थ शोधू नये.

आता सेनेची रचना. ती समजल्याशिवाय पुढचा एकही कागद नीट वाचता येत नाही. आजोबांची पलटण म्हणजे चौथी बटालियन. तिच्यावरची प्रत्येक पायरी खालच्या काही तुकड्या एकत्र करून बनते. ती ४९ व्या ब्रिगेडमध्ये होती. ती ब्रिगेड २३ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये, डिव्हिजन चौथ्या कोअरमध्ये, कोअर चौदाव्या सेनेत, आणि सेना अकराव्या आर्मी ग्रुपखाली. शिपायाच्या लेखी यांतली पलटण आणि कंपनी हीच खरी. ब्रिगेडिअरसाहेब कधीमधी दिसत. डिव्हिजनचे चिन्ह दंडावर शिवलेले असे. त्यावरच्या गोष्टी त्याला कानावर आल्या तर आल्या. म्हणून डिस्चार्ज बुकात चौदाव्या सेनेचा उल्लेख नसणे यात काहीही गैर नाही; मी पाहिलेल्या शेकडो पुस्तकांपैकी फारच थोड्यांत तो होता.

ट्रंकेतला कोंबडा मात्र मोलाचा आहे. चौदाव्या सेनेचे चिन्ह लाल ढालीवर खाली टोक केलेली तलवार असे होते. कोंबडा हे २३ व्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह. १७ व्या डिव्हिजनचे काळे मांजर, सातव्याचा सोनेरी बाण, १९ व्याचा खंजीर, २५ व्याचा इस्पिकचा एक्का, अशी प्रत्येकाची खूण वेगळी होती, आणि आफ्रिकेतून आलेल्या डिव्हिजनांपैकी ११ व्या पूर्व आफ्रिकी डिव्हिजनची गेंडा तर ८१ व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनची कोळी अशी खूण होती. हे बिल्ले पुष्कळदा बाजारातल्या शिंप्याकडून भरून घेतलेले असत, त्यामुळे कोंबड्याचा तुरा किंवा रंगाची छटा दोन बिल्ल्यांत सारखी नसते. तेवढ्यावरून तो नकली ठरवू नका. आपल्याकडे पलटणीचा आकडा आणि डिव्हिजनची खूण अशा दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतात. २३ व्या डिव्हिजनमध्ये ४/५ मराठा होती, हे पक्के आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या हाती यातले निम्मेही नसते.

पलटणीच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी सांगतो, कारण तेथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. त्या काळी रेजिमेंटचे पूर्ण नाव ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ असे होते. हा पाच रेजिमेंटचा क्रमांक आहे. बटालियनचा क्रमांक त्याच्या आधी, तिरक्या रेघेच्या डावीकडे असतो. सुरुवातीच्या वर्षांत कोकणातले एक गृहस्थ ‘५ मराठा’ एवढीच नोंद घेऊन आले. मी ती पाचवी बटालियन समजलो, जी इटलीत आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर होती, आणि चार महिने इटलीच्या डायऱ्या वाचत बसलो. त्यांचे वडील इटलीला गेलेच नव्हते. कारकुनाने बटालियनचा आकडा गाळून फक्त रेजिमेंट लिहिली होती. पुढे सहाव्या बटालियनचा एक पगाराचा कागद मिळाला तेव्हा माझी चूक कळली. तेव्हापासून तिरकी रेघ दिसली नाही तर मी पुढे जातच नाही.

याच कारणासाठी ‘मराठा पलटणीत होते म्हणजे ब्रह्मदेशात होते’ असेही समजू नये. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा तेथे जर्मन-इटालियनांच्या हाती सापडली. तिसरी आधी एरिट्रियात केरेनला लढली आणि पुढे इटलीत गेली. या युद्धात मराठा रेजिमेंटला मिळालेले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांचा जुलै १९४४ मधला आणि पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांचा एप्रिल १९४५ मधला, इटलीच्या भूमीवरचे आहेत. ते दोघे ज्या सेनेखाली लढले ती आठवी.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आजोबा चौदाव्या सेनेत होते का, या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण सेनेखालची माणसे सतत बदलत होती. विचारायचे ते असे: अमुक तारखेला त्यांची पलटण कोणाच्या हाताखाली होती? तारीख बदलली की उत्तर बदलते. २३ व्या डिव्हिजनचेच पाहा. ती १९४२ च्या सुरुवातीला उभी राहिली आणि त्याच वर्षी मणिपुरात आली. त्या वेळी चौदावी सेना जन्मलेलीच नव्हती; आजोबा तेव्हापासून असतील तर सुरुवातीचे वर्षभराहून अधिक त्यांनी ईस्टर्न आर्मीखाली काढले. त्रेचाळीसच्या अखेरीस, माणसे आपल्या खंदकातून तसूभरही न हलता, वरचे नाव बदलून चौदावी सेना झाले.

त्यानंतर मार्च १९४४. जपानच्या पंधराव्या सेनेने, म्हणजे तिचा सेनापती मुतागुची याच्या तीन डिव्हिजनांनी, चिंदविन ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे धाव घेतली. आपल्या आजोबांच्या दृष्टीने या सगळ्या युद्धातला सर्वांत कठीण आठवडा याच महिन्यात आला. उखरुलच्या बाजूला ४/५ मराठा होती आणि तिला ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली देण्यात आले. सांगशाक नावाच्या टेकडीवरच्या गावात ही ब्रिगेड, मराठा पलटण, नेपाळच्या कालीबहादूर रेजिमेंटचे काही जवान आणि डोंगरी तोफांची एक बॅटरी एवढे एकत्र वेढले गेले. टेकडीवर पाणी अगदी थोडे होते, खडकामुळे खंदक खोल खणता येत नव्हते, तारेचे कुंपण नव्हते, आणि विमानातून टाकलेला बराचसा माल जपान्यांच्या बाजूला पडत होता. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि उरलेले लोक जंगलातून इंफाळकडे निघाले. पण या दिवसांत कोहिमाकडे निघालेल्या जपानी ३१ व्या डिव्हिजनचा एक मोठा भाग तेथे अडकून पडला आणि इंफाळ-कोहिमाला सावरायला वेळ मिळाला. सांगशाकचे नाव आपल्या घरच्या आठवणीत नाही आणि मंडालेचे आहे, हे मला मुळीच नवल वाटत नाही. मंडालेचे नाव टिळकांमुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत होते. सांगशाक कोणाच्या ओठी बसणार?

कागदावरून पाहता आजोबा मंडालेच्या लढाईत नसावेत. इंफाळचा वेढा २२ जून १९४४ रोजी उठला. त्या दिवशी कोहिमाकडून आलेले आणि इंफाळकडून निघालेले सैनिक दिमापूरपासूनच्या १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ भेटले. त्यानंतर ऑगस्टमध्ये २३ व्या डिव्हिजनला विश्रांतीसाठी आणि नव्या प्रशिक्षणासाठी मागे भारतात पाठवले. म्हणजे ती चौदाव्या सेनेतून बाहेर पडली. पुढे स्लिम यांनी इरावती ओलांडली, मार्च १९४५ च्या पहिल्या आठवड्यात १७ व्या डिव्हिजनने रणगाड्यांसह मेइक्तिला घेतले, २० मार्चला १९ व्या डिव्हिजनने मंडालेचा किल्ला घेतला, मे महिन्याच्या सुरुवातीला रंगून हाती आले. चौदाव्या सेनेच्या या सर्वांत गाजलेल्या महिन्यांत कोंबड्याची डिव्हिजन तेथे नव्हती. ती परत चौदाव्या सेनेखाली आली ती मलायावर उतरण्याच्या मोहिमेसाठी, ३४ व्या कोअरबरोबर. आणि सप्टेंबर १९४५ मध्ये ती मलायाच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा जपानने शरणागती पत्करलेली होती. तेथून ती जावा बेटावर गेली. तिची ४९ वी ब्रिगेड ऑक्टोबरच्या अखेरीस सुराबायामध्ये इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशी झालेल्या लढाईत सापडली आणि ब्रिगेडिअर मॅलबी तेथेच ३० ऑक्टोबरला मारले गेले. जावा चौदाव्या सेनेच्या कक्षेत येत नव्हते. आजोबांच्या बोलण्यात ‘जावा’ किंवा ‘सुरबाया’ असा काही शब्द कधी आला होता का, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला जरूर विचारा. लोक तो ‘जावई’ वगैरे समजून सोडून देतात, हे मी दोनदा पाहिले आहे.

यात एक ‘जर’ आहे. वरचा सगळा मार्ग पलटणीचा आहे, माणसाचा नव्हे. आजोबा सांगशाकला जखमी होऊन मागे इस्पितळात गेले असतील, बरे झाल्यावर बेळगावच्या केंद्रात राहिले असतील, किंवा भरतीच उशिरा होऊन पंचेचाळीसमध्ये पलटणीला मिळाले असतील, तर त्यांचा मार्ग वेगळा होईल. एखाद्या जवानाला तात्पुरते दुसऱ्या युनिटकडे पाठवले जाई आणि ते युनिट मंडालेकडे गेलेले असू शकते. म्हणून घरची आठवण मी खोटी म्हणत नाही. ती सिद्ध करायला डिस्चार्ज बुकातील भरतीची तारीख आणि बदल्यांच्या नोंदी लागतील, एवढेच म्हणतो.

पदकांवरूनही हे ठरत नाही. बर्मा स्टार ब्रह्मदेशातल्या सेवेसाठी होता, पण ठरावीक काळात बंगाल आणि आसाममधील सेवेलाही तो मिळे, आणि तो विमानदलाला, नौदलाला, तसेच चौदाव्या सेनेखाली नसलेल्या फौजांनाही मिळाला. अशा फौजा पुष्कळ होत्या. शत्रूच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या चिंडिट तुकड्या १९४४ च्या मे महिन्यापासून अमेरिकन जनरल स्टिलवेलच्या हाताखाली गेल्या. ३६ वी डिव्हिजनही उत्तरेत त्याच आघाडीवर लढली. आराकानातली १५ वी कोअर नोव्हेंबर १९४४ मध्ये चौदाव्या सेनेतून काढून थेट वरच्या मुख्यालयाखाली ठेवली. आपल्याकडचे ठळक उदाहरण शंकरराव थोरात यांचे आहे. कोल्हापूरकडचे हे अधिकारी जानेवारी १९४५ मध्ये कंगावच्या लढाईत दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे नेतृत्व करीत होते, आणि पुढे भारतीय सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले. कंगाव ब्रह्मदेशात आहे, शत्रू जपानी होता, दंडावर २५ व्या डिव्हिजनचा एक्का होता. पण त्या तारखेला त्यांची डिव्हिजन १५ व्या कोअरमध्ये होती, म्हणून काटेकोर हिशेबाने ती लढाई चौदाव्या सेनेची नव्हे. लेखांमध्ये ती सर्रास चौदाव्या सेनेच्या खात्यावर टाकतात.

सेनेच्या एकूण संख्येचेही तसेच आहे. कोठे पाच लाख छापलेले असते, कोठे दहा लाख. लढणाऱ्या डिव्हिजनाच मोजल्या, की रस्ते बांधणारे, हमाल, ट्रकवाले, इस्पितळे आणि मागची सगळी दळणवळणाची साखळी धरली, यावर आकडा ठरतो. कोणी आकडा दिला तर आधी काय मोजले ते विचारावे. त्यांतले बहुसंख्य भारतीय होते, याबद्दल मात्र दुमत नाही.

मग चौदाव्या सेनेचा म्हणून स्वतंत्र इतिहास काय उरतो? माझ्या मते तो मुख्यालयाचा इतिहास आहे, आणि मुख्यालयाचे खरे काम रसद आणि आरोग्य हे होते. टेकडी पलटण घेते. तिच्यापर्यंत तांदूळ, काडतूस आणि औषध पोचवणे हे सेनेचे काम. आसामकडे जाणारी मीटर गेज रेल्वे चहाच्या मळ्यांसाठी बांधलेली होती, ब्रह्मपुत्रेवर पूल नव्हता, डबे बोटींवर चढवून पलीकडे न्यावे लागत. दिमापूरला माल उतरला की पुढे कोहिमामार्गे इंफाळचा एकच डोंगरी रस्ता, आणि पावसाळ्यात तो दरडींनी बंद पडे. या सगळ्याचा व्यवस्थापक मेजर जनरल स्नेलिंग नावाचा अधिकारी होता. युद्धाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. मला विचाराल तर सेनापतीनंतर त्याचेच नाव घ्यावे लागेल. विमानातून माल टाकायला रेशमी पॅराशूट मिळेनात, तेव्हा कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांकडून तागाची पॅराशूटे करून घेतली. एकाची किंमत एक पौंडाच्या आसपास, तर नेहमीच्या पॅराशूटची वीस पौंडांहून अधिक. माणूस त्याला लटकवायचा नव्हता, पिठाचे पोते लटकवायचे होते, त्यामुळे चालून गेले. पुढे रस्त्यांवरही डांबरात भिजवलेले तागाचे पट्टे अंथरले, आणि चिंदविनवर कलेवा येथे १,१५४ फुटांचा बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून उभारायचा पूल) टाकला, जो त्या वेळी जगातला सर्वांत लांब बेली पूल होता.

आरोग्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १९४३ मध्ये एका जखमी माणसामागे आजारी पडून मागे पाठवावी लागणारी माणसे १२० होती. त्यांत मलेरिया सर्वांत पुढे. मेपॅक्रिनच्या पिवळ्या गोळ्या रोज घेण्याचा हुकूम होता, पण गोळीने पुरुषत्व जाते अशी आवई उठलेली, त्यामुळे जवान ती गुपचूप टाकून देत. मग मुख्यालयाने अचानक रक्त तपासायला सुरुवात केली. पलटणीतल्या ९५ टक्क्यांहून कमी लोकांच्या रक्तात औषध आढळले तर कमांडिंग ऑफिसरला काढून टाकायचे. स्लिम यांनी तसे तीन अधिकारी काढले आणि बाकीच्यांनी धडा घेतला. आपल्या आजोबांची कातडी पिवळी पडली होती किंवा ‘पिवळी गोळी’ अशी काही आठवण घरात असेल, तर ती याच सक्तीची आहे.

एक गोष्ट जाता जाता. चौथी कोअर मेइक्तिलाच्या मोहिमेसाठी गुपचूप दक्षिणेकडे सरकत होती तेव्हा तिचे रेडिओ बंद ठेवले आणि तामूजवळ एक खोटे मुख्यालय थाटून तेथून नेहमीसारखे संदेश पाठवत राहिले. जपान्यांना चौथी कोअर जागच्या जागी आहे असे वाटले. मुख्यालय हे शेवटी बिनतारी यंत्र, नकाशे आणि काही माणसे एवढेच असते, म्हणूनच ते खोटेही थाटता येते आणि एका सहीनिशी मिटवताही येते.

मिटवले ते असे. २८ मे १९४५ रोजी ३३ व्या कोअरच्या मुख्यालयातून बारावी सेना तयार करून ब्रह्मदेशात उरलेली फौज तिच्याकडे दिली. जुलैमधली सितांग नदीकडची शेवटची मोठी लढाई बाराव्या सेनेच्या नावावर आहे, जरी ती लढणारे बरेच जण मे महिन्यापर्यंत चौदाव्यात होते. चौदाव्या सेनेचे मुख्यालय मलायाच्या तयारीसाठी मागे गेले. ऑगस्टमध्ये स्लिम वरच्या पदावर गेले आणि त्यांच्या जागी माइल्स डेम्प्सी आले. शरणागतीनंतर मुख्यालय मलायात पोचले आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये त्याचेच मलाया कमांड झाले. कोणाला शिक्षा म्हणून ती बरखास्त झाली नाही; ज्या कामासाठी उभी केली ते संपले होते.

इथवरचे सारांशाने सांगायचे तर आपल्या हाती पलटण आणि डिव्हिजन पक्की आहे, चौदाव्या सेनेशी संबंध दोन तुकड्यांत आहे, आणि माणसाच्या स्वतःच्या तारखा अजून हव्या आहेत. त्या कशा मिळवायच्या ते सांगतो.

पहिले काम बेळगावचे. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा आणि त्यात ‘शीट रोल’ किंवा ‘लाँग रोल’ (शिपायाच्या सेवेची नोंद असलेला कागद) यातील नोंदीचा उतारा मागा, नुसती ‘माहिती द्या’ असे लिहू नका. अर्जात आजोबांचा सैनिकी क्रमांक, बटालियन, गाव, तालुका आणि त्या काळचा जिल्हा लिहा. खानापूर त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, सांगली जिल्हा पुढे झाला, आणि बऱ्याच कुटुंबांचे अर्ज एवढ्याच कारणाने परत आलेले मी पाहिले आहेत. नावही त्या काळच्या कारकुनाने इंग्रजीत जसे लिहिले तसेच, डिस्चार्ज बुकातून अक्षर न अक्षर उतरवा. आडनाव गाळून फक्त नाव आणि वडिलांचे नाव लिहिण्याची पद्धत होती. सोबत नात्याचा पुरावा जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज गेला तर उत्तर लवकर येण्याचा संभव जास्त, असा माझा अनुभव आहे.

दुसरे काम वॉर डायरीचे. आग्नेय आशियाच्या आघाडीवरील युनिटांच्या डायऱ्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यू.ओ. १७२’ या मालिकेत आहेत. युनिटचे नाव आणि वर्ष घालून त्यांच्या सूचीत शोधता येते आणि प्रतही मागवता येते. डायरी हातात आल्यावर मात्र निराश होऊ नका. छापील फॉर्मवर ठिकाण, तारीख, वेळ आणि घटना असे रकाने असतात आणि बहुतेक दिवशी एकदोन ओळीच असतात. अधिकाऱ्यांची नावे येतात, सुभेदार-जमादारांची कधीकधी येतात, शिपायांची जवळजवळ कधीच नाहीत. ‘आय.ओ.आर. २ जखमी’ असे वाचाल. त्याचा अर्थ भारतीय शिपाई-हवालदारांपैकी दोघे. त्यातला एक आपले आजोबा होते की नाही, हे शीट रोलमधील इस्पितळाची तारीख शेजारी ठेवल्यावरच कळेल. म्हणून मी क्रम उलटा करू देत नाही: आधी बेळगाव, मग क्यू.

डायरी मागवताना १९४४ ची ४/५ मराठाची मागवा. पैसे आणि वेळ असेल तर त्याच वर्षाची ४९ व्या ब्रिगेडची आणि ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचीही घ्या, कारण सांगशाकच्या आठवड्यात पलटण पॅराशूट ब्रिगेडच्या हुकमाखाली होती आणि वेढ्यातले कागद पलटणीकडे धड उरले नसण्याचा संभव असतो. चौदाव्या सेनेच्या मुख्यालयाची डायरी या कामासाठी घेऊ नका. ती जाडजूड आहे, वाचायला सुरस आहे, आणि तीत एका पलटणीबद्दल महिन्यातून एखादे वाक्यही सापडत नाही.

पालेलच्या बाजूला आझाद हिंद फौजेची गांधी ब्रिगेड होती आणि २३ वी डिव्हिजन त्याच टापूत लढत होती. म्हणून डायरीत ‘जिफ’ असा शब्द दिसला तर दचकू नका. आझाद हिंदच्या सैनिकांसाठी ब्रिटिश कागदांत तो हिणवण्यासाठी वापरला जाई. आजोबांची त्या माणसांशी गाठ पडली असेल का, हे तारीख आणि जागा कळल्याशिवाय मी सांगू शकणार नाही.

आपल्याकडे डिस्चार्ज बुक आहे, तर आज एवढेच करा: ‘बदली’ किंवा ‘पोस्टिंग’च्या पानाचा आणि वैद्यकीय पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून येथे टाका, फक्त सैनिकी क्रमांक झाकून टाका. ऑगस्ट १९४४ च्या अलीकडची आणि पलीकडची एकेक नोंद जरी वाचता आली, तरी मंडालेचा प्रश्न बहुधा तेथेच मिटेल.